बातमी, आकडा आणि औषधांचा डबा



ज्येष्ठांच्या घरी दोन गोष्टी रोज न चुकता उघडल्या जातात : एक वर्तमानपत्र आणि दुसरा औषधांचा डबा. बहुतेक दिवस या दोहोंचा परस्परांशी काही संबंध नसतो. पण अधूनमधून एखादी सकाळ अशी येते, की वर्तमानपत्रातला मथळा थेट त्या डब्यापर्यंत पोहोचतो. 'अमुक गोळीने तमुक आजाराचा धोका दुप्पट' असे ठळक अक्षरांत छापलेले असते. त्या गोळीचे नाव डब्यातल्या पट्टीवरील नावाशी जुळते आणि दुसऱ्या दिवसापासून ती गोळी, कोणाला न सांगता, डब्यातच राहू लागते. दूरचित्रवाणीवरील चर्चा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे संदेश यांचाही परिणाम हाच होतो. वैद्यकीय संशोधन प्रसारमाध्यमांतून आपल्यापर्यंत येताना त्याचे काय होते आणि ते घरात शिरल्यावर आपण त्याचे काय करावे, याचा विचार आज करू.

हा प्रश्न केवळ वाचनाच्या सवयीचा नाही. बातमीमुळे औषध सुटते तेव्हा त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती किती असते याचा काही देशांत काळजीपूर्वक अभ्यास झालेला आहे. त्यांपैकी ब्रिटनमधील अनुभव आपल्या विशेष उपयोगाचा आहे, कारण तो रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन वर्गातील गोळ्यांचा आहे. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोझुव्हास्टॅटिन ही नावे आपल्यापैकी अनेकांच्या चिठ्ठीवर असतील.

ऑक्टोबर २०१३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकात दोन लेख प्रसिद्ध झाले. हृदयविकाराचा धोका कमी असलेल्या लोकांनाही स्टॅटिन द्यावे का, असा त्यांतील मूळ प्रश्न होता आणि तो रास्तच होता. पण त्या ओघात, स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी १८ ते २० टक्के लोकांना दुष्परिणाम होतात, असे एक विधान त्यांत आले. ज्या अभ्यासाच्या आधाराने हा आकडा दिला होता, त्यातून तसा निष्कर्ष निघत नव्हता. मे २०१४ मध्ये लेखकांनी ते विधान मागे घेतले. मात्र तोपर्यंत अनेक महिने वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर या विषयाचा मोठा गाजावाजा झाला होता.

पुढे लंडनमधील संशोधकांनी ब्रिटनमधील कौटुंबिक डॉक्टरांकडील नोंदी तपासून २०१६ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. या चर्चेनंतर आधीपासून स्टॅटिन घेणाऱ्या लोकांनी ते सोडून देण्याची शक्यता ११ ते १२ टक्क्यांनी वाढली होती. हा आकडा किरकोळ वाटेल. पण संपूर्ण देशाचा हिशेब केला, तर सहा महिन्यांत दोन लाखांहून अधिक लोकांनी गोळी बंद केली, असा त्यांचा अंदाज होता. त्यामुळे पुढील दहा वर्षांत हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात यांसारख्या किमान दोन हजार जादा घटना घडू शकतील, असेही त्यांनी मांडले. या अभ्यासातील आणखी एक निरीक्षण आपण लक्षात ठेवावे असे आहे. गोळी सोडणाऱ्यांत वयाने मोठ्या असलेल्यांचे आणि ती दीर्घकाळ घेत आलेल्यांचे प्रमाण अधिक होते. म्हणजे ज्यांना औषधाची गरज जास्त आणि ज्यांना ते वर्षानुवर्षे मानवले होते, त्यांच्याच हातून ते सुटले.

त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियात तेथील राष्ट्रीय प्रसारण संस्थेच्या 'कॅटॅलिस्ट' या विज्ञानविषयक कार्यक्रमात स्टॅटिनच्या उपयुक्ततेवर शंका घेणारे दोन भाग दाखवले गेले. त्यानंतर औषधविक्रीच्या नोंदींत घट दिसली आणि सुमारे साठ हजार लोकांच्या औषधसेवनावर परिणाम झाल्याचा अंदाज संशोधकांनी मांडला. संस्थेच्या अंतर्गत चौकशीत त्या मालिकेचा दुसरा भाग निःपक्षपातीपणाच्या कसोटीस उतरला नाही. २०१४ मध्ये दोन्ही भाग संकेतस्थळावरून काढून टाकण्यात आले. परंतु कार्यक्रम काढून टाकता येतो, तशी लोकांच्या मनात बसलेली धास्ती काढून टाकता येत नाही.

माध्यमे मुद्दाम खोटे सांगतात, असे यावरून समजणे अन्यायाचे होईल. पुष्कळदा बातमीतील आकडा खरा असतो आणि तरीही तो वाचकाला चुकीच्या वाटेने नेतो. याचे प्रसिद्ध उदाहरण ऑक्टोबर १९९५ मधील आहे. ब्रिटनमधील औषधसुरक्षा समितीने तेव्हा इशारा दिला, की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो. माध्यमांनी तो इशारा जसाच्या तसा सर्वत्र पोहोचवला. 'दुप्पट' हा शब्द खोटा नव्हता. पण कितीच्या दुप्पट? जुन्या गोळ्या घेणाऱ्या दर सात हजार स्त्रियांमागे साधारण एकीला गुठळी होत असे. नव्या गोळ्यांनी ते प्रमाण सात हजारांत दोन झाले होते. म्हणजे सात हजार स्त्रियांमध्ये एक जास्त. हे वाक्य लोकांपर्यंत पोहोचलेच नाही. घाबरलेल्या असंख्य स्त्रियांनी गोळ्या अचानक बंद केल्या आणि पुढील वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये अंदाजे तेरा हजार जादा गर्भपात झाले. गर्भारपणात रक्ताच्या गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही अधिक असतो. ज्या धोक्याला भिऊन गोळी सोडली, त्याच्याहून मोठ्या धोक्याला त्यामुळे आमंत्रण मिळाले.

म्हणून आरोग्याची कोणतीही बातमी वाचताना पहिला प्रश्न विचारावा : कितीपैकी किती? 'पन्नास टक्के वाढ' हे शब्द दोनाचे तीन झाले तरी लागू पडतात आणि चाळीसाचे साठ झाले तरी लागू पडतात. शंभर माणसांपैकी, हजार माणसांपैकी आधी किती जणांना त्रास होत होता आणि आता किती जणांना होतो, हे दोन्ही आकडे दिलेले नसतील, तर ती बातमी अपुरी समजावी. तेवढ्यावर निर्णय घेऊ नये.

लाभ आणि हानी एकाच मापाने मोजल्या आहेत का, हेही पाहावे. कित्येकदा औषधाचा फायदा 'चाळीस टक्क्यांनी घट' असा सांगितला जातो आणि दुष्परिणाम 'दहा हजारांत पाच' असा. किंवा याच्या अगदी उलट केले जाते. दोन पारड्यांत दोन निराळी वजने टाकून केलेला हा तराजू आहे. स्टॅटिनचाच हिशेब एका मापाने मांडून पाहू. २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आलेल्या एका विस्तृत आढाव्यानुसार, आधीच हृदयविकार झालेल्या दहा हजार लोकांनी परिणामकारक मात्रेत पाच वर्षे स्टॅटिन घेतले, तर झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना साधारण एक हजार जणांच्या बाबतीत टळतात. हृदयविकार झालेला नाही पण धोका वाढलेला आहे, अशांमध्ये हा आकडा सुमारे पाचशे आहे. त्याच दहा हजारांपैकी सुमारे पाच जणांना स्नायूंचा गंभीर विकार होतो, पन्नास ते शंभर जणांना नव्याने मधुमेह होतो आणि पाच ते दहा जणांना मेंदूतील रक्तस्रावाचा झटका येतो. दुष्परिणाम आहेत, ते लपवण्याचे कारण नाही. पण दोन्ही बाजू अशा शेजारी ठेवल्या, की आपल्या डॉक्टरांशी शांतपणे बोलता येते.

आता बातमीच्या उगमाकडे जाऊ. आपल्या भाषेत विज्ञान लोकांपर्यंत नेण्याची परंपरा जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू करून मराठी वाचकांना भौतिक शास्त्रांची ओळख करून दिली. 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. या सर्वांचा भर समजावून सांगण्यावर राहिला. ग्रहण का लागते, हृदय रक्त कसे ढकलते, हे एकदा नीट समजले की ते ज्ञान वर्षानुवर्षे उपयोगी पडते. दैनिकाची आणि वाहिनीची निकड निराळी असते. त्यांना आज नवे काय, हे सांगायचे असते. आणि विज्ञानात नवा असतो तो बहुधा एखादा सुटा अभ्यास. तो पुढे टिकेल की नाही, हे इतरांनी पुन्हा तपासल्यावरच ठरते.

अतिशयोक्तीचा दोष आपण सहसा बातमीदाराच्या माथी मारतो. ब्रिटनमधील कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये हे तपासून पाहिले. वीस नामवंत विद्यापीठांनी आपल्या संशोधनाविषयी काढलेली ४६२ प्रसिद्धिपत्रके, मूळ शोधनिबंध आणि त्यांवरून छापल्या गेलेल्या बातम्या त्यांनी शेजारीशेजारी ठेवून वाचल्या. चाळीस टक्के प्रसिद्धिपत्रकांत वाचकांना दिलेला सल्ला मूळ निबंधापेक्षा वाढवून सांगितलेला होता. ३६ टक्के पत्रकांत प्राण्यांवरील प्रयोगाचा निष्कर्ष माणसांना वाजवीपेक्षा अधिक लागू केलेला होता. पत्रकात अशी प्राण्यांकडून माणसांकडे उडी असली, की ८६ टक्के बातम्यांत ती उतरत असे; पत्रकात नसली, तर केवळ दहा टक्के बातम्यांत ती दिसे. पाणी पुष्कळदा झऱ्यापाशीच गढूळ होत होते.

त्याच अभ्यासात, तेहेतीस टक्के पत्रकांत दोन गोष्टी एकत्र दिसतात म्हणून एक दुसरीचे कारण आहे, असे वाजवीपेक्षा ठामपणे म्हटलेले आढळले. हा घोटाळा घरगुती उदाहरणाने चटकन कळेल. रोज सकाळी टेकडीवर फिरायला जाणारे ज्येष्ठ इतरांपेक्षा निरोगी असतात, हे आपण पाहतो. यात चालण्याचा लाभ आहेच. पण ज्यांचे गुडघे आणि हृदय मुळातच धड असते, तेच टेकडी चढू शकतात, हेही तितकेच खरे. नुसत्या निरीक्षणावरून यांतील कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे सांगता येत नाही. म्हणून 'आढळून आले', 'संबंध दिसला' हे शब्द आणि 'मुळे', 'केल्याने' हे शब्द यांतला फरक वाचताना जपावा.

दुसरा प्रश्न असा विचारावा : हा अभ्यास कोणावर झाला? बातमी पूर्णपणे बरोबर असली, तरी ती आपल्या घराला लागू असेलच असे नाही. अ‍ॅस्पिरिनचे उदाहरण घ्या. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील १९,११४ ज्येष्ठांवरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यांपैकी बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे होते. काहींना रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन आणि काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी सुमारे पाच वर्षे दिली गेली. परावलंबित्व न येता जगण्याच्या काळात अ‍ॅस्पिरिनने वाढ झाली नाही. गंभीर रक्तस्राव मात्र औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत २.८ टक्के, तर अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत ३.८ टक्के लोकांना झाला. निष्कर्ष महत्त्वाचा होता आणि बातमीही खरी होती. पण या चाचणीत घेतलेल्या लोकांना पूर्वी हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेला नव्हता. ज्यांना झटका येऊन गेला आहे, ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला आहे, ज्यांची बायपास शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांच्यासाठी ती चाचणी नव्हतीच. 'ज्येष्ठांना अ‍ॅस्पिरिन निरुपयोगी' एवढाच मथळा वाचून अशा एखाद्या गृहस्थाने गोळी बंद केली, तर खरी बातमीच त्याच्या जिवावर बेतू शकते. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणारी औषधे मध्येच सोडल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन झटका येऊ शकतो. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी रक्तदाबाची औषधे, स्टेरॉइड आणि अपस्माराची औषधे हीदेखील एकाएकी थांबवणे धोक्याचे असते.

बातमीचा आणखी एक परिणाम फारसा बोलला जात नाही. ती आपल्या शरीरातही उतरते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील संशोधकांनी २०२० मध्ये, त्रास होतो म्हणून पूर्वी स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरासाठी प्रत्येकाला बारा बाटल्या देण्यात आल्या : चारांत स्टॅटिन, चारांत औषध नसलेल्या गोळ्या आणि चार रिकाम्या. दर महिन्याला एक बाटली, आणि रोज आपल्या त्रासाला शून्य ते शंभर यांमधील गुण द्यायचे. ज्या महिन्यांत गोळीच नव्हती, त्या वेळी त्रासाची सरासरी ८ होती. स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३ होती, आणि औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांत १५.४ होती. म्हणजे त्रासाचा फार मोठा भाग गोळी घेतली या जाणिवेतून, दुष्परिणामाच्या अपेक्षेतून येत होता. स्वतःचे हे आकडे पाहिल्यावर त्यांतील निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केले.

येथे काळजी घेणाऱ्यांना एक विनंती आहे. आईचे किंवा सासऱ्यांचे पाय दुखू लागले, तर 'हे तुमच्या मनाचे खेळ आहेत' असे म्हणू नये. त्या साठ जणांना झालेला त्रास खराच होता; केवळ त्याचे कारण त्यांना वाटले त्याहून निराळे होते. शिवाय खरे दुष्परिणामही असतात. स्टॅटिन घेताना स्नायू फार दुखू लागले, अशक्तपणा आला, लघवीचा रंग गडद तपकिरी झाला, किंवा अ‍ॅस्पिरिन घेताना शौच काळी होऊ लागली, तर बातमीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

खऱ्या संशोधनाच्या बातमीइतकीच सावधगिरी बातमीच्या वेषात येणाऱ्या जाहिरातीबद्दल बाळगावी. 'मधुमेह मुळापासून बरा', 'शस्त्रक्रियेविना मोतीबिंदू नाहीसा' असे मजकूर स्तंभाच्या रूपात, छायाचित्रासह छापलेले दिसतात. आपल्या देशात १९५४ चा औषधे व जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा आहे. मधुमेह, कर्करोग, हृदयविकार, रक्तदाब, मोतीबिंदू, पक्षाघात यांसारखे आजार औषधाने बरे होतात, अशी जाहिरात लोकांपुढे करण्यास त्याने मनाई केली आहे. म्हणजे अशा जाहिरातीत औषधाचा दावा जितका मोठा, तितकी ती कायद्यापासून दूर, एवढी खूणगाठ आपण बांधावी.

आता हे सारे घरात आणायचे कसे? पहिला नियम एकच आणि तो घरातील सर्वांनी पाळावा : बातमी वाचून, पाहून किंवा ऐकून कोणतेही चालू औषध स्वतः बंद करायचे नाही आणि नवे सुरूही करायचे नाही. शंका आली तर कात्रण कापून ठेवावे. संदेश असेल तर तो जपून ठेवावा. औषधांच्या डब्याजवळ एक छोटी वही असावी. प्रत्येक गोळीचे नाव, ती कोणत्या आजारासाठी, कोणी आणि केव्हा सुरू केली, एवढे तीत लिहावे. आपली गोळी नेमकी कशासाठी आहे, हे ज्याला ठाऊक असते, त्याला मथळा सहसा हलवू शकत नाही.

काळजी घेणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा पट्टीवरील गोळ्या मोजाव्यात, पण चौकशी करावी ती पहारेकऱ्यासारखी नव्हे. 'गोळ्या का उरल्या?' या प्रश्नाला ज्येष्ठ बहुधा 'विसरलो' असे उत्तर देतात. 'या गोळीबद्दल काही वाचलंत का?' असे विचारले, तर मनातली धास्ती बाहेर येते. परगावी किंवा परदेशी असलेल्या मुलांनीही आई-वडिलांना एखादी आरोग्यवार्ता पाठवण्याआधी ती स्वतः शेवटपर्यंत वाचावी. आणि पाठवलीच, तर मागोमाग दूरध्वनी करून तिच्यावर बोलावे.

पुढच्या भेटीत ते कात्रण, ती वही आणि सगळी औषधे घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात. माझ्यासारख्या शंभर जणांनी ही गोळी घेतली, तर किती जणांना तिचा उपयोग होतो? किती जणांना त्रास होतो? आणि मी ती थांबवली, तर काय होईल? कधीकधी उत्तर असे मिळेल, की ही गोळी आता खरोखरच नको. वाढत्या वयात औषधे कमी करणे हेही चांगल्या उपचाराचेच अंग आहे, आणि तसे झाले तर त्या बातमीचे आभार मानावेत. पण तो निर्णय आपला इतिहास, आपले तपासणी अहवाल आणि आपले वय समोर ठेवून, आपल्याशी बोलून घेतलेला असेल. तोपर्यंत आजची गोळी आजच्या वेळी घ्यावी.